पालथी घागर

मार्च संपत आला की मी शिकवते त्या कॉलेजच्या नोटीस बोर्डावर प्रॅक्टिकल परीक्षेचं वेळापत्रक लागतं. नांदेडचं ऊन तोवर सकाळी दहालाच दारात येऊन बसलेलं असतं. लॅबमधले पंखे खडखडत फिरतात, तापलेल्या प्लॅस्टिकचा वास सुटतो आणि पोरी वहीत बघून पुटपुटतात, "क्लास म्हणजे... क्लास म्हणजे..." ते पुटपुटणं कानावर आलं की मी जिथं असेन तिथून उठते आणि लातूरला जाते. लातूर म्हणजे आजचं नव्हे. ज्या उन्हाळ्यात रेल्वेच्या वाघिणीतून पाणी यायला लागलं, तेव्हाचं लातूर.

मी मूळची उदगीरची. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणतो, उदगीरच्या मोंढ्यात मापाडी होते. दिवसभर तूर, हरभरा, सोयाबीन यांची मापं घ्यायची आणि संध्याकाळी खांद्यावरचा रुमाल झटकत घरी यायचं. त्या काळात उदगीर जिल्हा होणार अशी हवा होती. चौकाचौकांत फलक होते, मोर्चे निघत होते. दादांचा तर विश्वासच बसला होता. "जिल्हा झाला की कलेक्टर हापीस येनार," ते आईला समजावून सांगायचे. "हापीस आलं की कंप्युटर येनार. आन् कंप्युटरला मानूस लागतंय का न्हाई? मग आपली करुणा हायच की." अशा रीतीनं अजून न झालेल्या जिल्ह्यातल्या अजून न बांधलेल्या कचेरीत माझी खुर्ची ठरली आणि तिच्यासाठी मी लातूरला कॉम्प्युटर सायन्सला गेले. (तो जिल्हा अजूनही व्हायचाच आहे.)

दुसऱ्या वर्षाची परीक्षा महिन्यावर आली आणि होस्टेलच्या बाईंनी सगळ्या मुलींना जेवणघरात गोळा केलं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "उद्यापासून टँकर नाही. घरी जा पोरींनो. परीक्षेच्या दिवशी या." मुली ट्रंका, गाद्या बांधून निघाल्या. मला घरी जाणं परवडणारं नव्हतं. आमच्याकडं कॉम्प्युटर नव्हता, आणि मला काहीच येत नव्हतं. आधीच्या चाचणीत माझा पेपर जवळजवळ कोरा होता. हा विषय राहिला असता तर वर्ष गेलं असतं, आणि वर्ष गेलं असतं तर घरात माझ्या लग्नाचं बोलणं निघालं असतं. मग मी गादी गुंडाळली ती सुमनआत्याकडं नेऊन टाकली.

सुमनआत्या दादांची धाकटी बहीण. एसटीत कंडक्टर. लातूरातच एकटी राहायची, खाकी गणवेश कडक इस्त्रीचा, आणि बोलणंही तसंच. मी दारात उभी राहिले तेव्हा तिनं आधी गादीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"ऱ्हा की. घर तुजंच हाय," ती म्हणाली. "पर एक काम. माजी पयली गाडी निलंग्याची. मी उजाडायच्या आत जाते. टँकर आला तर दुपारी येतो. पान्याचं तू बघायचं."

"बघते."

"बघते न्हाई. आनते म्हन."

"आणते," मी म्हणाले.

गल्लीच्या तोंडाशी, बंद पडलेल्या बोअरच्या शेजारून घागरींची रांग सुरू व्हायची आणि पार पिठाच्या गिरणीपर्यंत जायची. टँकर आठ-दहा दिवसांनी यायचा, पण रांग रोजच असायची. माणसं घरी आणि घागरी रांगेत. निळ्या, हिरव्या, लाल, केशरी. रिकामी प्लॅस्टिकची घागर वाऱ्यानं उडून जाते, म्हणून प्रत्येकीच्या पोटात एकेक दगड. दुपारी फुफाटा सुटला की सगळ्या घागरींत दगड हलायचे आणि गल्लीभर खुळखुळ असा आवाज व्हायचा. त्या उन्हाळ्याचा आवाज कोणता, असं मला कुणी विचारलं तर मी हाच सांगीन.

गावातल्या मुलींसाठी कॉलेजची लॅब तेवढी चालू होती. कूलर होते, पण त्यांत पाणी नव्हतं; ते गरम वारा फेकत बसायचे. आमच्या मॅडम मात्र एकही दिवस चुकल्या नाहीत. गावातल्या जुन्या शिक्षकी घराण्यातल्या, चापूनचोपून साडी नेसणाऱ्या, कष्टाळू बाई. घरून पाण्याची एक बाटली आणायच्या आणि तास संपला की बाटलीच्या टोपणात ओतून प्रत्येकीला घोटघोट द्यायच्या. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं सांगायचं आहे.

प्रोग्रामिंगमधले क्लास आणि ऑब्जेक्ट हे दोन शब्द शिकवताना आमचे चेहरे कोरे बघून त्या एकदा म्हणाल्या, "अगं, सोपं करून सांगते. क्लास म्हणजे जात. आंब्याची जात एक, आंबे शेकडो. जात आधी ठरलेली असते, आंबा मागून येतो. जातीत जे गुण, तेच आंब्यात. कळलं?"

"हो मॅडम," वर्ग म्हणाला. सगळ्यांनी लिहून घेतलं. माझं पेन थांबलं.

त्यांच्या मनात काही नव्हतं. आंब्याची जात असतेच, ज्वारीची असते, म्हशीचीही असते. पण माझ्या आजोबांनी छप्पन सालानंतर गावातल्या सगळ्यांच्या देखत धम्म घेतला होता, आणि जे आधी ठरलेलं असतं ते माणसाला लागू नाही, एवढ्या एका वाक्यावर आमचं घर उभं राहिलं होतं. त्यानंतरचा तास माझ्या कानावरून गेला. न कळण्यापेक्षा हे वाईट होतं. मला ते कळूनच घ्यायचं नव्हतं.

संध्याकाळी आत्या पायांतले बूट काढत होती तेव्हा मी तिला सांगितलं.

"जात म्हनल्या? आन् तू काय म्हनलीस?"

"काही नाही."

"कामून?"

आत्यानं पाय लांब केले. "माज्या गाडीत रोज एक तरी मानूस इचारतोय, बाई तुमचं आडनाव काय? मी म्हनते, तुमाला उतरायचं कुठं ते सांगा, तिकीट त्याचं फाटतंय." मग हसली. "तुज्या मॅडमला भांडू नको. पर तुला जर ते खोटं वाटतंय तर खरं काय हाय ते हुडक. नुसतं तोंड पाडून बसलीस तर त्यांचंच खरं व्हतंय की."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी परीक्षेचा सराव दिला. घरातली कोणतीही एक वस्तू प्रोग्राम लिहून स्क्रीनवर काढायची. मग त्याच वस्तूचे दहा नग काढायचे, दहाही वेगवेगळे दिसले पाहिजेत, आणि दहा वेळा तेच तेच लिहायचं नाही. कुणी घड्याळ घेतलं, कुणी खुर्ची. मी घागर घेतली, कारण त्या दिवसांत माझ्या डोळ्यांपुढून ती हलतच नव्हती.

आलेखाच्या वहीत मी घागर काढली. रुंद पोट, आखूड मान, बाहेर वळलेला काठ. चौकोन मोजून प्रत्येक बिंदूचा आकडा लिहिला, लॅबमध्ये टाईप केला आणि प्रोग्राम चालवला. स्क्रीनवर घागर आली. तोंड खाली, बूड वर. शेजारच्या मुली फिसकन हसल्या. मॅडम मागून आल्या आणि त्यांनाही हसू आलं. "पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच हं करुणा!"

सगळा वर्ग हसला. पण मॅडम स्टूल ओढून माझ्याजवळ बसल्या आणि स्क्रीनच्या डाव्या वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "इथं शून्य आहे. वहीत आपण खालून वर मोजतो. हे यंत्र वरून खाली मोजतं. तुझं चित्र बरोबर आहे, मोजायला सुरुवात चुकीच्या टोकाकडून झाली." मी सगळे आकडे पुन्हा काढले. तासाभरानं घागर सरळ उभी राहिली. एकच घागर, आणि तीही रिकामी, पण माझी.

दहा घागरींचं कोडं काही सुटेना. ते सुटलं टँकरपाशी, आणि तेही भांडणात.

त्या दिवशी आमची निळी घागर रांगेत तिसरी होती. पहाटे आत्याबरोबर उठून मी ती स्वतः लावली होती. टँकर आला, पाइप सुटला, बायका धावल्या, आणि मी घागर उचलणार तोच दुसरा हात तिच्या काठावर पडला. समोरच्या घरातल्या मालनमावशी. साठीच्या, सडसडीत, आवाज असा की गिरणीपर्यंत जावा.

"ही माजी हाय. सोड."

"मावशी, ही आमची आहे. मी लावली सकाळी."

"तू काल आलीस गं गल्लीत. मला शिकवायलीस? निळी घागर माजी हाय, समद्यांला म्हाईत हाय!"

त्यांचीही निळीच होती. एकाच फेरीवाल्याकडून आत्यानं आणि त्यांनी घेतलेल्या. तोच रंग, तोच घाट, बुडाला तोच शिक्का. टँकरवाला वरून ओरडला, "दोन्ही सारख्याच हायत की! कुनाची का असंना, भरू द्या!" मागच्या बायका ओरडायला लागल्या, "आरं पानी सांडायलंय!" तापलेल्या डांबरावर पाणी पडत होतं आणि पडता पडता वाळत होतं. सोडून द्यावी का घागर? सोडली असती तर आत्याच्या घरात पुढचे आठ दिवस प्यायचं पाणी नव्हतं.

"सारख्या आहेत," मी ओरडले, "पण एक नाहीत! ही तिसऱ्या नंबरवर उभी होती. तुमची कुठं उभी आहे ते बघा!"

मालनमावशींची सात-आठ वर्षांची नात पिंकी पळत आली आणि त्यांच्या पदराला झोंबली. "आज्जे, आपली तिकडं हाय. गिरनीपाशी. आपलीत तू विटंचा तुकडा टाकलतास की."

मी घागर तिरपी केली. आतून काळा गुळगुळीत दगड घरंगळत बाहेर आला.

मालनमावशी क्षणभर त्या दगडाकडं बघत राहिल्या. मग त्यांनीच आमची घागर उचलली, पाइपाखाली धरली, काठोकाठ भरू दिली आणि माझ्या कमरेवर ठेवून दिली. "जा. उन्हानं डोकं फिरलंय माजं," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ऑइलपेंटचा अर्धा डबा घेऊन दारात उभ्या. दाराला लावून उरलेला, पांढरा. "तू चित्रं काढतीस म्हनं. खून काढ माज्या घागरीवर."

"नाव लिहू?"

"नाव ल्हिलंस तर मला वाचता येतंय व्हय? तुळस काढ."

मी तुळस काढली. त्यांचं बघून दुसरी आली, मग तिसरी. दुपारपर्यंत आत्याच्या ओट्यावर घागरींचा बाजार भरला. कुणाला चांद-तारा, कुणाला त्रिशूळ, कुणाला मुलाचं नाव. एकीनं नुसतेच तीन ठिपके मागितले. आमच्या घागरीवर मी एसटी काढली, चाकं जरा मोठी झाली. रंगवता रंगवता बायका एकेकीची ओळख सांगत होत्या. ही बुडाला चेपली आहे. ही कळशी नव्हे, घागरच, पण लहान. मालनमावशींची खालून गळते, म्हणून तिचं भोक साबण लावून बुजवलेलं.

आणि ब्रश हातात असताना मला ते कळलं. कुणी समजावून सांगितल्यासारखं नव्हे, तहान लागली हे जसं कळतं तसं. घागर म्हणजे काय, हे मी वहीत एकदाच लिहायचं. तिला रंग असतो, खूण असते, रांगेतली जागा असते, आत थोडंफार पाणी असतं. ती भरता येते, ओतता येते. हाच क्लास. एवढंच. कोणता रंग, कोणती खूण, किती पाणी, हे त्या कागदावर नसतंच. ते ज्या त्या घागरीपाशी असतं. मी हात पुसले आणि आलेखाच्या वहीत लिहायला बसले. वहीच्या त्या पानावर पांढऱ्या रंगाचा अंगठा उमटला आहे, अजून आहे.

लॅबमध्ये तरी एकदा फसलेच. दहा घागरी आल्या, पण एक भरली की दहाही भरायच्या. मॅडमनी वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "तू घागर एकच केलीस करुणा, नावं दहा दिलीस. प्रत्येक वेळी 'नवी' म्हणावं लागतं." मी प्रत्येकीला नवी म्हटलं. मग तिसरी भरली तर तिसरीच भरली. तो मंगळवार होता. बुधवारी मला मालनमावशींचा साबण आठवला आणि मी मूळ लिखाणात एक ओळ घातली, गळती. कुणाची शून्य, कुणाची थोडी. आता तुळशीच्या घागरीतलं पाणी हळूहळू खाली उतरायचं. ते बघायला पिंकीला मी एकदा लॅबमध्ये घेऊन गेले. ती स्क्रीनला हात लावून म्हणाली, "आज्जीची!"

परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक होते. उंच, घामानं भिजलेले, घाईत. शेजारच्या खुर्चीवर मॅडम. माझ्या आधीच्या सगळ्या मुलींनी पाठ केलेलं तेच सांगितलं होतं, त्यामुळे माझी पाळी आली तेव्हा ते मान वर न करताच म्हणाले, "क्लास म्हणजे काय? जात, ना?"

हो म्हटलं असतं तर मार्क मिळाले असते.

"नाही सर," मी म्हणाले.

त्यांनी मान वर केली.

"जात दुसऱ्यांनी ठरवलेली असते, आणि बदलत नाही असं सांगतात. हा क्लास मी लिहिला आहे सर. मंगळवारी यात गळती नव्हती, बुधवारी मी घातली. उद्या आणखी काही सापडलं तर पुन्हा बदलीन." मी स्क्रीनकडं बोट केलं. "या दहाही घागरी याच्यातूनच झाल्या. पण कुणात किती पाणी आहे, ते क्लास सांगत नाही सर. ते ज्या त्या घागरीलाच विचारावं लागतं."

कूलरचा कोरडा पंखा घरघरत होता. मी मॅडमकडं बघितलं नाही, धीर झाला नाही. परीक्षकांनी खुर्ची पुढं ओढली. "तिसरी भरून दाखवा."

मी कळ दाबली. एसटीची घागर भरत गेली. बाकीच्या नऊ जिथल्या तिथं.

"चौथी." चौथी भरली. "ही कोणती, पाणी का उतरतंय हिचं?"

"ती मालनमावशींची आहे सर. ती गळते."

ते हसले, अगदी मोठ्यानं, आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मला त्या विषयात वर्गात सगळ्यांत जास्त मार्क पडले.

पण मला आठवतो तो त्यानंतरचा व्हरांडा. मॅडम माझ्या मागोमाग बाहेर आल्या. भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मी ते उदाहरण बावीस वर्षं देत आले. देताना समोर कोण बसलंय ते कधी बघितलं नाही."

"तुमच्या मनात काही नव्हतं मॅडम."

"नव्हतंच. तेच तर म्हणतेय." त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "पुढच्या वर्षी मुलींना काय सांगू मग?"

"काही सांगू नका मॅडम. आधी काढायला लावा."

त्यांनी तसंच केलं, हे मला नंतरच्या मुलींकडून कळलं. मी मात्र त्या संध्याकाळी आत्याला सगळं जसंच्या तसं सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिचे हात थांबले नाहीत. फक्त म्हणाली, "ह्या टायमाला न्हाई म्हनलीस ना? बास." आणि पहिली फुगलेली भाकरी माझ्या ताटात टाकली.

आता मी त्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसते. दोन परीक्षांमध्ये रिकामा वेळ मिळतो तेव्हा मला वाटतं, शिकणं म्हणजे बुद्धीपेक्षाही अडून बसणं आहे. जे गळ्याखाली उतरत नाही, ते मी गिळलं नाही, एवढंच माझं त्या उन्हाळ्यातलं शहाणपण. बाकीचं गल्लीतल्या बायकांनी शिकवलं. वर्गात मी आजही व्याख्या सांगत नाही. वस्तू काढायला लावते आणि मुलींच्या पाठीमागून हिंडत राहते. त्यांच्या घरातलं काय काय स्क्रीनवर येतं! शिवणयंत्रं, पतंग, रिक्षा, एकीच्या वडिलांच्या सलूनमधल्या खुर्च्या.

परवा देगलूरकडची एक मुलगी, अनुराधा, सराव करत होती. घरात तेलुगू, बाहेर मराठी, बोलताना दोन्हींत अडखळणारी. तिनं शेळ्या काढल्या होत्या. पाच शेळ्या, पाच रंग, प्रत्येकीची चाल वेगळी. त्यांतली एक तांबडी शेळी भराभर चालत निघाली आणि स्क्रीनच्या उजव्या कडेनं दिसेनाशी झाली.

अनुराधा दचकून वळली. "मॅडम, गेली! आता ती नाही का?"

"आहे की. तिला विचार, कुठं आहेस."

तिनं एक ओळ लिहिली. खाली कोपऱ्यात आकडा उमटला. आठशे वीस. स्क्रीन आठशेलाच संपत होती. आकडा वाढत होता. आठशे चाळीस. आठशे साठ.

"चालायलीय!" ती ओरडली. आजूबाजूच्या मुली खुर्च्या सरकवून गोळा झाल्या.

"परत बोलवायचीय का?" मी विचारलं. "एका ओळीचं काम आहे."

तिचे हात कळांवर होते. आकडा हजाराच्या पुढं गेला. तिनं हात उचलून मांडीवर ठेवले.

"नको मॅडम," ती म्हणाली. "जाऊ द्या तिला."